न झिजणारे ते एकटेच असते का?

आपल्या तत्त्वविचारात एक समजूत फार खोलवर रुजली आहे. जे दुसऱ्याला लागून असते ते झिजते. ज्याला झिजायचे नाही त्याने सुटे व्हावे. सांख्यांनी ती सर्वांत काटेकोरपणे मांडली. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतला पुरुष साक्षी आहे, उदासीन आहे, अकर्ता आहे. बदल, खटपट आणि झीज हा सगळा प्रकृतीचा कारभार, आणि मोक्ष म्हणजे पुरुषाने प्रकृतीपासून कायमचे वेगळे उरणे. महाराष्ट्रात तेराव्या शतकात चक्रधरांनी आपल्या अनुयायांना देश, गाव आणि नातलग यांचे संबंध सोडून हिंडत राहण्याचा आचार घालून दिला, त्यामागेही हीच धारणा असल्याचे वरवर पाहता वाटते. आजही एखाद्या सत्पुरुषाविषयी बोलताना तो कशातच गुंतला नव्हता, असे म्हटले की त्याचा सर्वांत मोठा गौरव झाला असे आपण मानतो. या धारणेत दोन विधाने एकमेकांत मिसळली आहेत. संबंध ही गळतीची वाट आहे, हे पहिले. म्हणून गळती शून्यावर आली की मागे जे उरेल ते एकटे असेल, हे दुसरे. पहिले खरे मानले तरी त्यातून दुसरे निघत नाही, आणि माझ्या मते दुसरे चूक आहे. त्यासाठी मी जो पुरावा पुढे ठेवणार आहे तो धर्मग्रंथांतला नाही. गेल्या पाव शतकात भौतिकशास्त्रज्ञांनी न गळणारी वस्तू प्रत्यक्ष घडवण्याचा जो प्रयत्न चालवला आहे, तिथला तो आहे. मोक्षाची चर्चा करणाऱ्यांना कधी मिळाली नाही अशी एक सोय या प्रयत्नाला आहे: गळती किती कमी झाली हे तिथे मोजता येते.

ही वस्तू म्हणजे क्वांटम संगणकासाठी लागणारे अतिसंवाहक सर्किट. ते दिसायला साधे असते. सिलिकॉनच्या किंवा सफायरच्या नखाएवढ्या तुकड्यावर धातूचा पातळ थर, त्यात कोरलेल्या दोन पट्ट्या, आणि त्यांना जोडणारा ॲल्युमिनियमचा एक बारीक सांधा. या सांध्याच्या मधोमध ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एक-दोन नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा असतो. ब्रायन जोसेफसन यांनी 1962 मध्ये भाकीत केल्याप्रमाणे अतिसंवाहक प्रवाह तो पापुद्रा ओलांडून जातो. तापमान शून्य केल्विनच्या वर शंभरावा हिस्सा केल्विन एवढेच ठेवलेले असते. अशा सर्किटात ऊर्जा सेकंदाला सुमारे 5 अब्ज वेळा मागेपुढे हिंदकळते, आणि राखायची असते ती या हिंदकळण्याची सर्वांत लहान मात्रा, एकच क्वांटम. एका ज्यूलचे अब्ज भाग केले आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा अब्ज भाग केले, तरी हाती येणारा कण या मात्रेच्या 3 लाख पट मोठा असेल. हाताने धरता येईल एवढे सर्किटही क्वांटमचे नियम पाळते, हे जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी 1984-85 मध्ये बर्कलीला दाखवले आणि त्यासाठी त्यांना 2025 चे नोबेल मिळाले. त्सुकुबा येथील एनईसीच्या प्रयोगशाळेत 1999 साली नाकामुरा, पाश्किन आणि त्साई यांनी असा पहिला क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा एक घटक, चालवून दाखवला, तेव्हा त्याची अवस्था काही नॅनोसेकंदच टिकली. 2021 मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने टँटलम वापरून 0.3 मिलिसेकंद गाठले, आणि 2025 मध्ये त्याच विद्यापीठातून 1 मिलिसेकंदाच्या पुढची नोंद आली. मिलिसेकंद ऐकायला क्षुद्र वाटतो, पण तेवढ्यात ते सर्किट 50 लाख वेळा हिंदकळते. देवळातली घंटा सेकंदाला 500 कंपने करत असेल आणि तितक्याच निगुतीने आपली ऊर्जा राखत असेल, तर एक टोल दिल्यावर पावणेतीन तासांनीही तिच्यात मूळ ऊर्जेचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक हिस्सा शिल्लक असेल. जवळपास दहा लाख पटींची ही मजल सर्किटाला एकटे पाडून मारली गेली की आणखी कशाने, हा माझा प्रश्न आहे.

आधी अतिसंवाहकतेचाच विचार करू, कारण एकटेपणाचा पुरस्कर्ता पहिला दाखला तिचाच देईल. हाइके कामर्लिंग ओन्स यांना 1911 मध्ये लायडनला ती सापडली. धातूचा विद्युतरोध त्यातल्या भेसळीमुळे उरतो, तेव्हा धातू जितका शुद्ध तितका रोध कमी, असा त्यांचा कयास होता. सोने आणि प्लॅटिनम वापरून पाहिल्यावर ते पाऱ्याकडे वळले, कारण पारा पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून अतिशय शुद्ध करता येतो. 4.2 केल्विनला पाऱ्याचा रोध एकदम नाहीसा झाला. शुद्धीकरणाचा, म्हणजे परके ते सारे काढून टाकण्याचा, याहून मोठा विजय कोणता? पण ओन्स यांच्या प्रयोगशाळेतच लवकर लक्षात आले की भेसळीचा पाराही तसाच वागतो. रोध जाण्याचे कारण शुद्धता नव्हतेच. खरे कारण कळायला 1957 साल उजाडावे लागले, आणि बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी ते सांगितले. सुटा इलेक्ट्रॉन धातूतून जाताना अणूंच्या जाळीवर आपटतो, विखुरतो, ऊर्जा घालवतो. अतिसंवाहकात तीच जाळी किंचित वाकून दोन इलेक्ट्रॉनांना एकत्र बांधते. म्हणजे ज्या संबंधातून एरवी गळती होते तोच संबंध पुरेशा थंडीत गळती थांबवणाऱ्या बंधाचे कारण होतो. इतकेच नाही. एका जोडीचा विस्तार इतका मोठा असतो की तिच्या अवकाशात लाखो इतर जोड्या सामावलेल्या असतात, आणि त्या सगळ्या एकाच अवस्थेत असतात. एखादा धक्का एका जोडीला वेगळे काढून ढळवू शकत नाही. जोडी तोडायला ठरावीक ऊर्जा लागते, आणि त्याहून लहान कोणत्याही आघाताला आत शिरकावच नसतो.

यातला मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा धातूंच्या तुलनेत आहे. नेहमीच्या तापमानाला वीज सर्वांत उत्तम वाहून नेणारे धातू म्हणजे चांदी, तांबे आणि सोने. त्यांच्यात इलेक्ट्रॉनांचा जाळीशी संबंध दुबळा असतो, म्हणूनच ते इतके चांगले वाहक आहेत. आणि नेमके हे तिन्ही धातू कितीही थंड केले तरी अतिसंवाहक झालेले आढळलेले नाहीत. उलट शिसे हा सामान्य वाहक. त्यात इलेक्ट्रॉन जाळीशी घट्ट गुंतलेले, रोध तांब्याच्या बारा-तेरा पट. तेच शिसे 7.2 केल्विनला रोध पूर्ण टाकून देते. ज्यांनी संबंध सैल ठेवले त्यांची झीज कमी झाली, पण ती कधी शून्यावर आली नाही. शून्यावर ते आले ज्यांचे संबंध घट्ट होते आणि अनुकूल परिस्थितीत ज्या संबंधांचे स्वरूप पालटले. 1963 मध्ये फाइल आणि मिल्स यांनी अतिसंवाहक वेटोळ्यात फिरत्या प्रवाहाचा ऱ्हास मोजून तो किमान एक लाख वर्षे टिकेल असा अंदाज दिला. या जवळपास अक्षय गोष्टीत एकटे असे काहीच नाही. तिचा अक्षयपणा सगळा सहवासातून आलेला आहे.

तरी मंडळी म्हणतील, वेटोळ्यातला प्रवाह लाख वर्षे टिकतो आणि क्यूबिटमधला एक क्वांटम मिलिसेकंदात जातो, तो का? जातो तो बाहेरच्या संबंधांमुळेच ना? इथे तपशिलात शिरावे लागते. 2005 मध्ये मार्टिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की गळतीचे मोठे ठिकाण चिपवरच्या विद्युतरोधक पदार्थांत आहे, म्हणजे अस्फटिक ऑक्साइडांत. 1972 मध्ये अँडरसन, हाल्पेरिन आणि वर्मा यांनी, आणि स्वतंत्रपणे फिलिप्स यांनी, काचेच्या विचित्र उष्णतागुणांचा उलगडा करताना एक कल्पना मांडली होती. काचेत अणूंची मांडणी विस्कळीत असल्यामुळे काही अणूंना किंवा अणुगटांना बसायला जवळजवळ सारख्या दोन जागा असतात, आणि अतिथंडीतही ते या जागेतून त्या जागेत जात राहतात. असा गट योगायोगाने क्यूबिटच्याच वारंवारतेला जुळला की तो क्यूबिटची ऊर्जा घेतो आणि ती जाळीत कंपनांच्या रूपाने सोडून देतो. धातूवरचा ऑक्साइडचा थर, धातू आणि सिलिकॉन यांच्यामधली सीमा, सिलिकॉनची उघडी बाजू, अशा काही नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांत हे अणुगट दडलेले असतात. सर्किटाच्या विद्युतक्षेत्राचा हजारावा किंवा त्याहूनही लहान हिस्साच या पापुद्र्यांत असतो, तरी बरीचशी गळती तिथून होते. ही गळती क्षेत्र प्रबळ असताना कमी असते, कारण सगळे गट आधीच भारावलेले असतात आणि आणखी घेऊ शकत नाहीत. तापमान किंचित वाढले तरी याच कारणाने ती घटते. सर्वांत जास्त असते ती अवस्था म्हणजे संपूर्ण थंडी आणि सर्किटात एकच क्वांटम. बाहेरची सगळी वर्दळ थांबवल्यावर वस्तूच्या स्वतःच्या पृष्ठभागातली, तिच्या घडणीतच राहिलेली अव्यवस्था सर्वांत भुकेली होते. एकांतात गेलो म्हणजे सुटलो, असे मानणाऱ्या साधकाला अनुभवी गुरूंनी नेहमी जो इशारा दिला तो वेगळा नव्हता. पण इथे त्याला आलेखाचा आधार आहे.

मग उपाय काय झाला? काही ठिकाणी अर्थातच काढून टाकणे हाच झाला. सिलिकॉनवरचे ऑक्साइड हायड्रोफ्लोरिक आम्लाने उतरवतात, कामातले उरलेले रसायन धुऊन काढतात. फर्मिलॅबमध्ये नायोबियमच्या पोकळ पेट्या निर्वातात तापवून त्यांवरचे ऑक्साइड घालवले, तेव्हा आतला मायक्रोवेव्ह फोटॉन 2 सेकंदांपर्यंत टिकल्याचे 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. हा आकडा माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो असे वाटेल, आणि तो मी लपवत नाही: वाईट संबंध तोडल्याने गळती कमी होते, यात वादच नाही. पण त्या रिकाम्या पेटीला एकटीने गणित करता येत नाही. तिच्यात नियंत्रणासाठी क्यूबिट बसवला की आयुष्य सेकंदांवरून मिलिसेकंदांवर उतरते. जी चांगली सर्किटे प्रत्यक्ष कामाची ठरली त्यांत भर काढून टाकण्यापेक्षा घडवण्यावर आहे. टँटलमवर ऑक्साइड नसते असे नाही. त्यावरही काही नॅनोमीटरचा थर चढतोच. पण नायोबियमवर निरनिराळ्या प्रमाणांतल्या ऑक्साइडांची सरमिसळ होते, तशी इथे फारशी होत नाही. टँटलमचा थर पक्का असतो, आणि अत्यंत जहाल आम्लांनी धुतले तरी धातू शाबूत राहतो. टँटलमचे यश कातडी नसण्याचे नाही, कातडी नीट असण्याचे आहे. दुसरा उपाय रचनेचा. पट्ट्या मोठ्या आणि एकमेकींपासून दूर ठेवल्या की विद्युतक्षेत्र विरळ पसरते आणि त्याचा सदोष पापुद्र्यांतला वाटा घटतो. 2011 मध्ये येल विद्यापीठाने क्यूबिट एका मोठ्या धातूच्या पेटीत ठेवून आयुष्य एकदम दहापटींनी वाढवले ते या मार्गाने. सर्किट आक्रसून घेतल्याने जे साधले नाही ते त्याला पसरू दिल्याने साधले.

भिंती बांधून वेगळे होण्याला आणखी एक अडचण आहे. समुद्रसपाटीवर तळहातावर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला सुमारे एक म्यूऑन आकाशातून येऊन आदळतो. असे कण आणि भोवतालच्या पदार्थांतला नैसर्गिक किरणोत्सर्ग चिपमध्ये शिरून इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फोडतात. 2020 मध्ये एमआयटीच्या गटाने दाखवले की यामुळेच क्यूबिटचे आयुष्य काही मिलिसेकंदांपलीकडे जाऊ शकणार नाही. उपाय म्हणून इटलीतल्या ग्रान सासो इथे डोंगराखाली, 1400 मीटर खडकाच्या आड, चिपा नेऊन पाहिल्या. म्यूऑन दहा लाख पटींनी घटतात, पण आता खडकच किरणोत्सर्गी आहे, म्हणून शिशाची भिंत हवी. शिशातही त्याचा एक किरणोत्सर्गी समस्थानिक असतो, म्हणून त्याच प्रयोगशाळेतल्या क्युओर या न्यूट्रिनोविषयक प्रयोगासाठी दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या रोमन जहाजावरचे शिसे आणले, कारण इतक्या काळात त्यातला तो समस्थानिक संपून गेलेला असतो. जी भिंत वेगळे करते ती स्वतः वस्तू आहे आणि तिचेही संबंध आहेत. तिला वेगळे करायला दुसरी भिंत हवी. तर्कशास्त्रात याला अनवस्था म्हणतात आणि तो दोष मानतात. या दोषातून सुटायचे तर भिंतींची रांग कुठेतरी थांबवून त्या जागी वेगळा विचार आणावा लागतो.

तो वेगळा विचार मोजमापाच्या प्रश्नातून येतो, आणि माझ्या मते सगळ्या युक्तिवादाचा कणा इथे आहे. संपूर्णपणे न गळणारा, कशाशीही न जोडलेला क्यूबिट खरोखर घडला असे समजू. त्यात काय आहे हे कोणालाच कधी कळणार नाही. कळण्यासाठी त्यातून काहीतरी बाहेर यावे लागते. आजच्या पद्धतीत क्यूबिटशेजारी एक रेझोनेटर, म्हणजे ठरावीक वारंवारतेला हिंदकळणारे दुसरे सर्किट, असतो. क्यूबिटच्या अवस्थेनुसार त्याची वारंवारता किंचित सरकते, आणि रेझोनेटरमधून बाहेर गळणाऱ्या मायक्रोवेव्हमधून ती सरक वाचता येते. पण रेझोनेटर बाहेर उघडा असला की क्यूबिटची ऊर्जाही त्याच वाटेने जाऊ लागते. एडवर्ड पर्सेल यांनी 1946 मध्ये सांगितलेला हा परिणाम आहे. वाट बंद करावी तर वाचता येत नाही, उघडी ठेवावी तर राहत नाही. तोडगा असा निघाला की वाटेवर एक गाळणी बसवायची. रेझोनेटरच्या वारंवारतेला ती मोकळी असते आणि क्यूबिटच्या वारंवारतेला बंद. एकाच तारेवर, एकाच जगाशी, एका बाबतीत पूर्ण खुलेपणा आणि दुसऱ्या बाबतीत पूर्ण बंदी. अलिप्तता आणि आसक्ती या दोनच शक्यता मानणाऱ्या विचाराला ही तिसरी गोष्ट बसवायला खणच नाही.

आणि जिथे आजवर सर्वांत मोठे यश मिळाले तिथे तर एकटेपणाचा पूर्ण त्याग आहे. डिसेंबर 2024 मध्ये गूगलने आपल्या विलो चिपवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात 49 क्यूबिटांमध्ये मिळून माहितीचा एकच घटक ठेवला होता आणि 48 क्यूबिट फक्त विचारपूस करायला होते. ही विचारपूस दर मायक्रोसेकंदाला होते, पण कोणत्याही एका क्यूबिटला त्याची स्वतःची अवस्था कधी विचारत नाहीत. शेजाऱ्यांचे आपसात जुळते की नाही, एवढेच विचारतात. अशा रीतीने राखलेली माहिती त्या चिपवरच्या सर्वांत टिकाऊ एकट्या क्यूबिटच्या दुपटीहून अधिक काळ टिकली. ती कोणत्याच क्यूबिटमध्ये नव्हती. क्यूबिटांच्या परस्परमेळात होती. आणि हे चालू राहावे म्हणून विचारपूस करणारे क्यूबिट वारंवार कोरे करावे लागतात, म्हणजे त्यांच्यातली अव्यवस्था बाहेर टाकावी लागते. रॉल्फ लांडाउअर यांनी 1961 मध्ये दाखवल्याप्रमाणे पुसण्याला उष्णतेची किंमत असते. इथे गळती नष्ट केलेली नाही, तिला कामाला लावले आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डीआरडीओची पुण्याची प्रयोगशाळा आणि टीसीएस यांच्यासह 6 क्यूबिटांचा जो प्रोसेसर चाचणीतून गेल्याचे ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर झाले, त्याचा आधारही त्या संस्थेने शोधलेली वलयाकार रेझोनेटरची रचना हाच आहे. फक्त लगतच्या नव्हे तर दूरच्या क्यूबिटांचाही एकमेकांशी संबंध जुळावा यासाठी तो खटाटोप आहे.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप असा की धातूच्या तुकड्यावरून आत्म्याविषयी काही सांगणे हा प्रमाद आहे, आणि क्वांटमच्या नावावर अध्यात्म विकणाऱ्यांची गर्दी आधीच पुष्कळ आहे. ती गर्दी मलाही सलते. पण त्यांचा युक्तिवाद आणि माझा यांत फरक आहे. क्यूबिट असा वागतो म्हणून आत्माही तसा वागतो, असे मी म्हणत नाही. जे जे अक्षय ते ते असंबद्ध, असे सार्वत्रिक विधान कोणी करत असेल, तर त्याला एक प्रतिकूल उदाहरण पुरते, आणि ते उदाहरण कोणत्या जातीचे आहे याने फरक पडत नाही. आत्म्याविषयी निराळे प्रमाण ज्याच्याजवळ आहे त्याने ते खुशाल पुढे करावे. झीज आणि संबंध यांच्या सर्वसाधारण नात्यावरून मात्र त्याला आता निष्कर्ष काढता येणार नाही, आणि सांख्यांच्या लौकिक अनुमानाचा मोठा भाग तसल्याच नात्यावर उभा आहे.

सांख्य यावर म्हणेल की तुझी सगळी सर्किटे, भिंती आणि गाळण्या प्रकृतीतच आहेत. पुरुष त्यात नाही, मग त्याला उणेपणा कसला? उत्तर तगडे आहे, आणि त्याची किंमत सांख्यांच्याच परंपरेने मोजलेली आहे. पुरुष कशाशीच संबंधित नसेल तर त्याला अनुभव कसा होतो, बुद्धीत जे घडते ते त्याचे कसे ठरते? वाचस्पती मिश्रांनी सांगितले की पुरुषाचे प्रतिबिंब बुद्धीत पडते आणि बुद्धी चेतनावान भासते. पुरुषाकडे उलट काही येत नाही. सोळाव्या शतकात विज्ञानभिक्षूंना हे पुरेसे वाटले नाही. ज्याच्याकडे काहीच येत नाही त्याला भोक्ता कसे म्हणावे? म्हणून त्यांनी प्रतिबिंब दोन्ही बाजूंनी मानले, बुद्धीचेही पुरुषात पडते असे म्हटले. क्यूबिट वाचताना जी अडचण येते तीच ही अडचण आहे, आणि विज्ञानभिक्षू तिच्यापुढे प्रामाणिकपणे वाकले असे मला वाटते. ज्ञान आणि संपूर्ण असंगता एकत्र राहत नाहीत, हे त्यांनी जवळजवळ मान्य केले. मग पुरुष अविकारी राहतो तो कसा, याचे उत्तर त्यांना संबंधाच्या प्रकारातच शोधावे लागले.

दुसरा आक्षेप आचाराचा. संन्यासाने माणसे खरोखर शांत झालेली दिसतात, हे नाकारणार का? नाकारत नाही. पण महानुभावांचा, म्हणजे चक्रधरांच्या अनुयायांचा, आचार नीट पाहिला तर तिथेही एकटेपण हे साध्य नाही. गाव आणि नातलग सोडायचे ते परमेश्वराच्या सन्निधानासाठी. जीव आणि परमेश्वर ही त्यांच्या मते दोन निराळी, नित्य तत्त्वे आहेत आणि मोक्षातही ती एक होऊन जात नाहीत. म्हणजे पुष्कळ संबंध तोडणे ही एका संबंधाची तयारी आहे. पैठणला संसार करून राहिलेल्या एकनाथांचा मार्ग बाहेरून याच्या उलट दिसतो, आणि वारकऱ्यांनी संतांच्या संगतीला जे स्थान दिले तेही. पण जे दोघांनाही नको आहे ते एकच: मिळेल त्या वारंवारतेला जुळून मिळेल तिथे ऊर्जा सांडणारे मन. हा मुद्दा मान्य केला की सर्व काही सर्वांशी जोडलेले आहे असे म्हणून भारावून जाणाऱ्यांनाही उत्तर मिळते. जे सर्किट सर्वांशी सारखेच जोडलेले असते ते क्षणात सर्व गमावते. संबंध आहेत एवढ्याने काही टिकत नाही. त्यांच्यात बळ, मर्यादा आणि निवड लागते.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. क्यूबिटांचे संबंध निवडणारा, गाळणी बसवणारा, मेळ तपासणारा कोणीतरी बाहेर आहे. मग निवड करणारा तो तरी अलिप्त नको का? निरीश्वर सांख्य आणि सेश्वर योग यांची फारकत इथेच होते. ज्याला क्लेश आणि कर्म शिवत नाहीत अशा एका विशेष पुरुषाला योगसूत्रे ईश्वर मानतात आणि त्याला गुरूंचाही गुरू म्हणतात. पण शिकवणारा शिष्याशी जोडलेला असतो, आणि क्यूबिटची देखभाल करणाराही तसाच. त्याचा प्रत्येक प्रश्न एका तारेवरून खाली जातो, तार आपल्याबरोबर खोलीची उष्णता नेते, म्हणून ती टप्प्याटप्प्याला थंड करावी लागते आणि तिच्यावरून जाणारा संदेश क्षीण करत न्यावा लागतो. क्यूबिट वाढवले की तारा वाढतात आणि शीतयंत्राची क्षमता त्यांच्यापुढे तोकडी पडू लागते. या क्षेत्रातल्या अभियंत्यांपुढची आजची एक मोठी चिंता हीच आहे. तार काढून टाकली तर चिप अधिक थंड राहील, पण मग तिच्यातला बिघाड दुरुस्त करायला कोणी उरणार नाही, आणि जे राखायचे म्हणून हा सारा उद्योग मांडला ते पुढच्या काही मिलिसेकंदांत विस्कटून जाईल.